एका पोरामागं एक दात

मी दातांची डॉक्टर. जुळे सोलापुरातल्या एका मॅटर्निटी हॉस्पिटलात दर मंगळवारी गरोदर बायकांचे दात तपासते. ‘आ करा’ म्हटलं की दात नंतर दिसतात, आधी किस्से बाहेर पडतात! आता इतके साठलेत, की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

* * *

एकीला विचारलं, “झोपताना ब्रश करता का?”

“झोपताना? तेव्हा कोण बघायला येतंय मॅडम!”

* * *

करमाळ्याकडची एक. दात काळेकुट्ट.

“तंबाखू खाता?”

“छ्या! आमच्यात बायका तंबाखूला शिवत न्हाईत.”

“मग हे काय?”

“ती मिश्री की! पोटुशी हाय म्हणून आईनं मुद्दाम ताजी भाजून पाठवलीय.”

मी चिडलेच. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे चांगलं दहा मिनिटं सांगितलं. पुढच्या मंगळवारी बाई डबा घेऊनच हजर! “तुमच्यापाशीच ठिवा. घरात असला की हात जातोय.”

* * *

एक शिक्षिका. “ब्रश केला की हिरड्यांतून रक्त यायचं. मग मी ब्रशच बंद केला.”

“कधीपासून?”

“तिसऱ्या महिन्यापासून.”

“आणि आता कितवा?”

“आठवा!”

मी कपाळाला हात लावला. बाई विज्ञान शिकवतात हो!

* * *

दुधनीच्या गंगव्वा सुनेला घेऊन आल्या. सविताला सहावा महिना, दाढेनं गाल टम्म सुजलेला, दोन दिवस पोटात अन्न नाही. तरी सासूबाई दाढेला हात लावू देईनात.

“मला पाच पोरं, पाच दात गेले. एका पोरामागं एक दात द्यावाच लागतोय. बाळंत झाली की बघू.”

“अहो, बाळ दात मागत नाही! पण आईच उपाशी राहिली तर त्यानं काय खायचं?”

सविता रडायला लागली. गंगव्वा सुनेचा हात घट्ट धरून खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या. “करा काय करायचं ते. पण हळू करा.”

दाढ वाचली. आठवड्यात सविता भाकरी चावून खायला लागली. मला इतका आनंद झाला, की सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचं बोलावणं आल्यावर मी माझा दवाखाना बंद ठेवून दुधनीला गेले.

ओटी भरून झाली. झाकलेल्या दोन वाट्या पुढे आल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. सविताने एक उघडली.

“पेढा! मुलगाच!” बायकांनी एकच गलका केला. सविताने पेढा तोंडात टाकला.

गर्दीतून वाट काढत गंगव्वा पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. “पोरगा असू दे न्हायतर पोरगी. तू आदी चूळ भर!”