जोडखुर्चीतली दुसरी जागा

कमलवहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या भाजीबाजारात दोडके निवडत उभा होतो. पलीकडून नामदेव म्हणाला, "मास्तर, कमल गेली. अंगणात कपडे वाळू घालून राह्यली होती... पडली ते उठलीच नाई." पिशवी तिथंच विसरून मी अनसिंगची परतीची गाडी धरली. पोचलो तर बैठकीत माणसं दाटलेली, आणि जोडखुर्ची तेवढी रिकामी. सगळे खाली सतरंजीवर, नामदेवही खालीच. मी मात्र सवयीनं सरळ जाऊन त्या खुर्चीच्या उजव्या बाजूला टेकलो. या गोष्टीला आता दीड महिना होईल, आणि माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. दुःख आहेच, पण त्याहून जास्त चीड आहे. ती कोणावर, ते सांगतो.

जोडखुर्ची म्हणजे दोन माणसांपुरती जुनी सागवानी बैठक. बसायला वेताची जाळी, पाठीला कोरलेला वेल, मधे हात नाही. दोघं बसले की खांद्याला खांदा लागणारच. चाळीस वर्षांपूर्वी नामदेव आमच्या शाळेत क्लार्क होता आणि मी नागरिकशास्त्र शिकवायचो. त्याचं नुकतंच लग्न झालेलं. वाशीमला जुनं फर्निचर विकणारे रफिकभाई त्याला म्हणाले, "ले जाव बाबूजी. मियाँ-बीवी के बैठने की चीज है, साहब लोगों के बंगले की." मी शेजारीच उभा होतो. माझ्या ह्या कानांनी ऐकलं. नामदेव लाजला आणि भाव न करताच हो म्हणाला. दोघांनी मिळून ती एसटीच्या टपावर चढवली, अनसिंगला उतरवली, घरापर्यंत वाहून नेली. अर्धी मी उचलली म्हणून अर्धी आपलीच, असं माझ्या मनानं धरलं असावं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चहाला गेलो तो उजवीकडे जाऊन बसलो. मग रोजच.

वहिनी आतल्या दारात, उंबऱ्याशी पाट टाकून बसायच्या. बोलण्यात मात्र कोणाला हार जायच्या नाहीत. पेपर त्यांनी दुपारीच वाचून ठेवलेला असे. मी एखादी बातमी रंगवून सांगू लागलो की उंबऱ्यावरून आवाज यायचा, "भाऊजी, तुमी नुसता मथळाच वाचता काय?" आणि खालचं सगळं त्या सांगायच्या. अशी बाई पाटावर बसते याचा मला संताप यायचा. "बाईनं खुर्चीवर बसू नये, हे कोणत्या घटनेत लिहिलं आहे वहिनी?" मी विचारायचो. नामदेवलाही झापायचो, "लेका, तू जुन्या वळणाचा तो जुन्याच वळणाचा." तो कपातल्या चहाकडे बघत राहायचा. आणि हे सगळं मी कुठून बोलायचो? खुर्चीवरून.

उन्हाळ्यात वेत वाळतो, तडकतो. म्हणून आठ-पंधरा दिवसांनी तो ओल्या फडक्यानं खालून पुसावा लागतो. रफिकभाईंनी सांगितलेली ही गोष्ट वहिनींनी चाळीस उन्हाळे पाळली. गुडघे टेकायच्या, मान वाकडी करून खुर्चीखाली शिरायच्या. गेल्या उन्हाळ्यात एकदा मी गेलो तेव्हा त्यांचं पुसणं चालू होतं. मी ताटकळलो आणि म्हणालो, "इतकी वर्षं पुसून राह्यल्या वहिनी, एकदा बसून तरी पहा." त्या खालूनच म्हणाल्या, "बसली असती न भाऊजी. तुमी उठलेच कवा?"

हसल्या. मीही हसलो. त्या बाहेर आल्या, पदरानं घाम टिपला, चहा ठेवायला आत गेल्या. आणि मी... मी बसलो. ओल्या वेताचा गारवा लागला, आणि वर "वा, बेस्ट" म्हणालो. नागरिकशास्त्राचा मास्तर.

तेरवीला फोटो लावायची वेळ आली तर वहिनींचा एकटीचा धड फोटो घरात निघेना. शेवटी त्यांच्या मुलीनं, रेखानं, स्वतःच्या साक्षगंधातला, साखरपुड्यातला, एक शोधला. जोडखुर्चीवर नामदेव आणि मी, वहिनी मागं उभ्या. त्यातून त्यांना कापून मोठं केलं. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात एक पांढरा तुकडा राहिला आहे. येणारी माणसं विचारत, हे काय आहे हो? तो माझ्या शर्टाचा खांदा आहे.

पाहुणे पांगल्यावर मी नामदेववर घसरलो. "तिले एकदा तरी बाजूले बसवायचं होतं. कायले आणली मंग ही?"

तो म्हणाला, "तिच्यासाठीच आणली होती. आणली त्या दिवशी तिले म्हटलं, उद्या शाळेतून आलो का दोघं बसून चहा पिऊ. तिनं वेणीफणी करून ठेवली होती... तेवढ्यात तू आला."

"अरे मंग मले उठवायचं."

"घरी आलेल्या माणसाले ऊठ म्हणते का कोणी? अन् मंग कमलच म्हणे, राहू द्या, माणूस मायेनं येते."

"मी आठले जात होतो न घरी."

"तवा तिची भाकरी टाकायची वेळ होये."

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. भीड नामदेवची, नुकसान वहिनींचं, आणि फुकटची जागा माझी. एकानं तोंड उघडलं नाही. दुसरीनं उघडलं तेही हसत. तिसरा समानतेवर बोलत ठाण मांडून बसून राहिला. मला त्या दोघांचा राग येतो, आजही येतो. एक शब्द बोलले असते तर मी काही विरघळलो नसतो. पण फिरून फिरून तो राग माझ्याच दारात येऊन बसतो.

मी अजून जातो, संध्याकाळीच. प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतो. नामदेव जोडखुर्चीवर डावीकडे बसतो, मधे सरकत नाही. "बस न इथं," म्हणतो. मी बसत नाही. गेल्या रविवारी ऊन फार होतं, वेत कुरकुरत होता. मी फडकं भिजवलं आणि या वयात गुडघे टेकून खुर्चीखाली शिरलो.

वरून कधी कळलं नव्हतं, ते खालून दिसलं. जाळीला दोन खळगे पडलेले. डावीकडचा नामदेवचा. उजवीकडचा त्याहून खोल, माझा. मधे दोनदा जाळी नवी विणून घेतली, तरी तो पुन्हा तिथंच पडला होता. वहिनींच्या नाकासमोर तो इतके उन्हाळे होता, आणि तडकू नये म्हणून त्या स्वतःच त्याला पाणी लावत होत्या.

"झालं काय मास्तर?" वरून नामदेवनं विचारलं.

"थांब," मी म्हणालो, "उजवीकडचं राह्यलं."