डीजे बंद करायला खालापूरला

पोशीरहून सकाळच्या टमटममध्ये बसले तेव्हा मला सोडायला वाडीतल्या अकरा बायका आल्या होत्या. मी काही परदेशी निघाले नव्हते. खालापूरला जाऊन संध्याकाळी परत यायचं होतं. पण काम मोठं होतं.

गेल्या वर्षी एका वरातीत डीजेच्या दणक्याने माझ्या फळीवरची दोन पातेली खाली आली. तेव्हा महिला मंडळात मीच ठराव मांडला, की ज्या लग्नात डीजे, त्या लग्नाला आपल्या वाडीतली एकही बाई जाणार नाही. सगळ्यांनी हात वर केले. आता माझ्याच नातीचं, शीतलचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि खालापूरच्या व्याह्यांनी डीजे ठरवला होता. तो बंद झाला नाही तर माझ्याच ठरावामुळे मला घरी बसावं लागणार होतं.

"आजी, भांडू नको. पण बंद करूनच ये," शीतल म्हणाली. ही दोन्ही कामं एकत्र कशी करायची ते तिने सांगितलं नाही.

टमटमवाल्याने गाणी लावली होती. "शब्द का कळत नायत रं?" मी विचारलं.

"नवी गाणी हायेत, मावशी."

हे मला पटलं. नव्या गाण्यांना शब्द नसतात हे मी चार-पाच वर्षं सगळ्यांना सांगतेच आहे.

कर्जतला वडापाव खाल्ला. वडा गरम होता, पाव कालचा होता. मग खोपोलीची एसटी धरली. शनिवार होता, म्हणून पळसदरीच्या धरणावर निघालेली शहरातली चार माणसं चढली. वय पन्नाशीचं, कपडे पंधरा वर्षांच्या पोराचे. त्यांनी डब्याएवढ्या स्पीकरवर त्यांच्या कॉलेजातली गाणी लावली. माझ्या शेजारचा डोळे मिटून म्हणाला, "आता अशी गाणी होत नाहीत, आजी."

"तुमचे वडील तेव्हा या गाण्यांना काय म्हणायचे?"

"बंद कर तो धिंगाणा, म्हणायचे."

पुढे पळसदरी येईपर्यंत त्याने डोळे उघडेच ठेवले. बाहेर भात निघालेल्या खाचरांत वाल उगवले होते. डोंगर जागच्या जागी होता. तो तेवढा एकटा गप्प होता.

खोपोलीला गाडी बदलली. खालापूरच्या अलीकडे, रस्त्यालाच व्याह्यांचं घर आहे. नवरा मुलगा निखिल दारातच भेटला. चांगला पोरगा आहे, कंपनीत जातो. मी पाणी पिण्याआधीच विषय काढला, तर तोच म्हणाला, "आजी, मला पण डीजे नकोय. शीतलनं आणि मी बासरी निवडलीय. एकदम शांत."

"मग डीजे कोणाला पायजे?"

त्याने ओटीवर बोट दाखवलं. तिथे त्याचे आजोबा गंगाराम बसले होते. हा माणूस मला चांगला आठवत होता. आमच्या तरुणपणी हे गायनपार्टीत (रात्रभर सामना लावून गाणारी मंडळी) ढोलकी वाजवायचे. एकदा पोरांनी बेंजो आणला, तर या गृहस्थांनी बेंजोवाल्याला स्टेजवरून खाली उतरवलं होतं.

"जय भीम, विहीणबाई. डीजे बंद करायला आलात ना?"

"हो."

"नाय होणार."

"ढोलकीवाल्याला शोभतं का हे?" मी ओरडून विचारलं, कारण ते ऐकायला कानामागे हात धरून बसले होते.

"ढोलकी ऐकायलाच येत नाय मला. तीन वर्सं झाली. पेटी नाय, गाणं नाय. डीजेचा ठोका तेवढा येतो, हितं." त्यांनी छातीवर हात मारला. "नातवाच्या लग्नात लोकांची तोंडं हालताना बघत बसू काय?"

"कानाला मशीन लावा."

"लावली. त्याच्यात सुनेची भांडीच ऐकू येतात."

सुनेने सुकट आणि तांदळाची भाकरी वाढली. ताट जोरातच ठेवलं. जेवल्यावर निखिल मोबाइल घेऊन आला. "आजी, तुमीच बासरी ऐका आणि आजोबांना समजवा."

त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. मी मान डोलावली. "वा! याला म्हणतात गाणं. किती गोड! मन शांत झालं बघ."

निखिल लाजला. "आजी, अजून लागलं नाय. रेंज नाय."

सुनेने हे गंगारामांच्या कानात ओरडून सांगितलं. त्यांना हसता हसता ठसका लागला. मग रेंज आली. निखिलची बोटं हलायला लागली त्यावरून मला कळलं, की बासरी चालू झाली आहे.

गंगारामांनी मला हाताने खुणावून घरामागे नेलं. तिथे शेजाऱ्याचा डीजेचा टेंपो उभा होता, लग्नाला तोच ठरला होता. टेंपोवाल्याने बटण दाबलं. शब्द मला तेव्हाही कळले नाहीत, पण ठोका तळव्यातून वर आला आणि माझा दुखरा गुडघा सुद्धा हलला. गंगाराम बॉक्सच्या फळीवर बोटांनी ढोलकी वाजवत होते. मीही फळीवर हात ठेवला. त्यांची एकेक थाप मला हाताला कळत होती.

जाताना मी एवढंच म्हणाले, "वाजू दे."

संध्याकाळी पोशीरला अकराही बायका वाट बघत होत्या. मी सरळ सांगितलं, "डीजे येणार हाय. ठराव मी मागे घेते. मला ऐकू येत नाय, म्हणून मी गाण्यांना नावं ठेवत होते."

त्यांतली पारूबाई म्हणाली, "माझा डावा कान गेलाय गं." मग एकीचे दोन्ही गेलेले निघाले. आवाज जास्त होतो म्हणून हात वर केलेल्या निम्म्या बायका बहिऱ्या होत्या. आमची आवड चांगली आणि पोरांची वाईट, असं आम्ही सगळ्या ठरवून बसलो होतो.

शीतल तेवढी रागावली. "तुला बंद करायला पाठवली होती! माझ्या बासरीचं काय?"

"सकाळी लाव बासरी. तुला ती ऐकायला अजून चाळीस वर्सं हायेत गं. आमाला एक दुपार दे."

ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी हो समजले.