शेजाऱ्याचं मत विचारणारी लव्हॉन

आमच्या एल्म कूली गावात लव्हॉन टॉलफसननं आजवर कुणालाही "तू मत कुणाला देणार?" असं विचारलेलं नाही. ती विचारते, "तुझ्या शेजारच्या घरातली मतं कुठं जाणार?" एवढ्या एका प्रश्नाच्या जोरावर तिनं राष्ट्राध्यक्षाच्या सात निवडणुकांचे निकाल मतदानाच्या आधीच सांगितले. टीव्हीवाले हजारो लोकांना फोन करून तोंडावर आपटले, पण आमची लव्हॉन चुकली नाही. मी हे छाती फुगवून सांगतो, आणि का सांगू नये? तिच्या समोरच्या घरात मी एकेचाळीस वर्षं राहतोय.

तिनं चौतीस वर्षं शाळेची बस चालवली. ती म्हणते, ही युक्ती तिला बसनं शिकवली. खिडकी कुणी फोडली असं विचारलं तर प्रत्येक पोर म्हणणार, मी नाही. पण शेजारच्या बाकावरच्यानं काय केलं ते विचारा, तारखेसकट सांगेल. मोठी माणसंही तशीच. स्वतःबद्दल थापा मारतील, शेजाऱ्याबद्दल खरं बोलतील. आणि आमचं गाव जिकडं झुकतं तिकडं देश झुकतो. का, ते कुणालाच सांगता येत नाही. मतदार सहाशे चौदा, निम्मे चीजच्या कारखान्यातले, निम्मे गाईवाले. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय हे मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक.

मतदानाच्या आधीच्या शुक्रवारी आर्डिसच्या बारमध्ये तळलेली मासळी खायला अख्खं गाव जमतं. तिथल्या फळ्यावर लव्हॉन खडूनं नाव लिहिते आणि पुढं गावातल्या मतांचा फरक. मग कुणी वाद घालत नाही.

सातव्या निवडणुकीत हॅलरन आणि प्रुइट या दोन उमेदवारांत अशी चुरस होती, की टीव्हीवरचे तज्ज्ञ रोज आपलाच कालचा शब्द फिरवत होते. सगळं आमच्या राज्यावर अडलं होतं. त्यात लव्हॉनचा धाकटा भाऊ वेंडेल हा प्रुइटच्या बाजूचा तालुक्यातला मुख्य कार्यकर्ता. सप्टेंबरात लव्हॉनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती इस्पितळात असताना या पठ्ठ्यानं तिच्या अंगणात प्रुइटच्या नावाची भली मोठी पाटी रोवली. लव्हॉनच्या अंगणात जन्मात कधी कुणाची पाटी नव्हती. घरी आल्यावर तिला ती दिसली, पण इस्पितळात रोज सूप घेऊन येणाऱ्या भावाचं मन कसं मोडायचं? राहू दिली तिनं.

मग काठी टेकत तिनं गाव पालथं घातलं. ऑक्टोबरच्या मध्याला हिशेब लागला तो असा: प्रुइट अठ्ठावन्न मतांनी पुढं. वेंडेल हवेत तरंगायला लागला. लव्हॉन मात्र खूश नव्हती. मला म्हणाली, "सगळे फार गोड बोलतायत. चौतीस वर्षांत बसमध्ये कधी इतकी शांतता झाली, की मी गाडी थांबवून मागं बघायचे."

मतदानाला दहा दिवस उरले असताना ती माझ्या पायरीवर येऊन बसली. तिनं विचारलं, माझ्या शेजारच्या ब्रेकेचं मत कुठं जाणार? ब्रेके हॅलरनचा कट्टर माणूस. आदल्याच दिवशी कुंपणापाशी उभं राहून त्यानं प्रुइटच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. पण समोर लव्हॉनच्या अंगणातली पाटी मला दिसत होती. बाई आजारातून उठलेली, भाऊ तिकडचा, कशाला तिला दुखवा? मी म्हटलं, "प्रुइटला देईल बहुतेक."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग शांतपणे म्हणाली, "ब्रेकेचा आवाज काल माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येत होता. तू खोटं का बोललास?"

मी पाटीकडं बोट दाखवलं. दुसरं काय करणार होतो?

आमच्या गावची हीच खोड आहे. आम्ही पाहुण्याला शेवटचा घास देऊ, पण त्याला नको असलेली गोष्ट तोंडावर सांगणार नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते उगाच नाही. सगळ्या गावानं ती पाटी बघितली आणि लव्हॉनला बरं वाटावं म्हणून आपापल्या शेजाऱ्यांची मतं प्रुइटला वाटून टाकली. त्यात मीही होतो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

ती उठली, रस्ता ओलांडून गेली आणि दोन्ही हातांनी पाटी उपटून तिनं गॅरेजात ठेवली. मग पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात केली. ऑपरेशनच्या गुडघ्यानं, दहा दिवसांपेक्षा कमी वेळात, एकेका घराच्या पायऱ्या चढत ती हिंडली. मी गाडीतून नेतो म्हटलं तर म्हणाली, "तू घरीच बस. तुझा चेहरा फार सभ्य आहे."

शुक्रवारी बार खच्चून भरला होता. लव्हॉन फळ्यापाशी गेली, तसा वेंडेल आडवा आला. गयावया करत म्हणाला, "या वेळी लिहू नकोस. राज्यात चार-पाचशे मतांचा खेळ आहे. तू हॅलरन लिहिलंस तर आमची निम्मी माणसं मंगळवारी घराबाहेर पडणार नाहीत. भावासाठी एवढं कर."

"आणि अठ्ठावन्न लिहिणार होते तेव्हा तू अडवलं नाहीस," ती म्हणाली. तिनं लिहिलं: हॅलरन, नऊ मतं. वेंडेल मासळी तशीच टाकून निघून गेला.

मंगळवारी मतदान झालं. बुधवारी सकाळी आमच्या गावचा आकडा लागला: हॅलरन बारा मतांनी पुढं. सहाशे चौदा मतदारांत तीन मतांची चूक! देशाचा निकाल मात्र शुक्रवारी दुपारपर्यंत लटकला आणि शेवटी आमच्या राज्याच्या जोरावर हॅलरन निवडून आला. संध्याकाळी आर्डिसच्या बारमध्ये आम्ही लव्हॉनच्या नावानं टेबलं बडवली. ब्रेकेनं सगळ्यांना ब्रँडी पाजली. लव्हॉन नेहमीच्या कोपऱ्यात कोबीची कोशिंबीर चिवडत बसली होती.

तेवढ्यात वेंडेल आत आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. सरळ तिच्या टेबलापाशी जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "झालं समाधान? माझ्या सख्ख्या बहिणीनं त्याला जिंकवलं."

लव्हॉननं काटा खाली ठेवला.

"मी प्रुइटला मत दिलं, वेंडेल. नेहमी तुझ्याच बाजूला देते. फळ्यावर लिहून मी तडक घरी गेले आणि रडले."

सात निवडणुकांत तिनं किती वेळा स्वतःच्याच माणसाचा पराभव स्वतःच्या हातानं लिहिला असेल, हे मी मनात मोजायला लागलो आणि मध्येच थांबलो. असं माणूस आमच्या गावात राहतं, माझ्या समोरच्या घरात राहतं, याचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा कशाचाच कधी वाटला नाही.

वेंडेल खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. तिनं आर्डिसला हाक मारली आणि त्याच्यासाठी मासळीची एक थाळी मागवली.