ग्रेड वनला अर्धी गोळी

मागच्या महिन्यात एका रविवारी रेणापूरला मावशीकडे गेले होते. आई जाऊन तेव्हा तीन महिने होत आले होते... "तोंड गोड करायला ये" म्हणून मावशीचे सारखे फोन चालू होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की पुढे एकेक नातेवाईक आपल्या घरी बोलावून गोडाचं जेवण घालतो. नको म्हटलं तर त्यांना फार लागतं.

आईचं लिव्हर गेलं होतं. लातूरला दवाखान्यात भेटायला येणारे मला बाजूला घेऊन हळूच विचारायचे, "घेत होत्या का?" चहाशिवाय काही न घेतलेली माझी आई... तिला शुगर होती, त्यात फॅटी लिव्हर, आणि ते न दुखता न खुपता वाढत गेलं. हे सांगून सांगून मी थकले.

म्हणून आई गेल्यावर नांदेडला माझी तपासणी करून घेतली. सोनोग्राफीत आलं, फॅटी लिव्हर, ग्रेड वन. चूक एवढीच केली की हे फॅमिली ग्रुपवर सांगितलं.

तेव्हापासून नुसता वैताग आहे. एक म्हणतो व्हिटॅमिन ई घे, दुसरी म्हणते तिच्या जावेला नवीन गोळीने गुण आला. उदगीरहून कसला तरी काढा आला, लातूरहून गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो. कोणती गोळी भारी यावर ग्रुपवर वाद झाले आणि मला मात्र कुणी काही विचारलं नाही.

आणि हीच मंडळी मला तोंड गोड करायला बोलावत होती. एकीकडे शिरा, दुसरीकडे गुलाबजाम. वर तूप सोडता सोडता विचारायचे, मग गोळी कोणती चालू केलीस? मी काय बोलणार... माझा स्वभावच कमी बोलायचा. खाऊन यायचे.

शेवटी मीच गोंधळले. सगळी नावं मोबाईलमध्ये घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, यातली सगळ्यात चांगली कोणती?

त्यांनी शांतपणे समजावलं. व्हिटॅमिन ई काही जणांना देतात, सरसकट नाही. एक गोळी शुगर असलेल्यांना उपयोगी पडते, पण तिने वजन वाढू शकतं. नवीन औषधं आहेत ती लिव्हर कडक व्हायला लागलेल्या पेशंटचा विचार करून. "तुमचं लिव्हर अजून मऊ आहे, शुगर नाही. तुम्हाला आज यातली एकही नको. वजन उतरवा, रोज चाला, गोड बंद करा." पुन्हा तपासणीला कधी यायचं तेही सांगितलं.

गोड बंद करा... आणि रविवारी रेणापूर.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. मी दारात पाऊल टाकलं तर पुरणाचा वास. ती गळ्यात पडून रडली, मग म्हणाली लई वाळलीस माय. वजनकाट्याला हे अजून कळलेलं नाही.

जेवायला बसायच्या आधी काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, खिशातून त्यांच्या गोळ्यांची पट्टी काढली. त्यांनाही शुगर आणि फॅटी लिव्हर, पण ग्रेड टू. म्हणाले, गोळ्यांची सगळी तुलना मी करून बसलोय, तू डोकं लावू नको. मग पानाच्या डब्यातला अडकित्ता घेतला, एक गोळी त्यात धरली आणि सुपारीसारखी कातरली.

"मला ग्रेड टूला एक. तुला ग्रेड वनला अर्धी. हिशेब सोपा हाय."

हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात मावशीने ताट आणून ठेवलं... दोन पुरणपोळ्या, वर तुपाची धार.

ताट बघून आईच आठवली. तीही प्रत्येकाच्या घरी असंच बसायची. शुगर आहे म्हणायची आणि "त्यांना वाईट वाटेल" म्हणून खायची. आयुष्यभर कुणाला वाईट वाटू दिलं नाही तिने.

मी अर्धी गोळी काकांच्या हातावर परत ठेवली. मग मी म्हणाले, "मावशी, आईला नको म्हणता आलं नाही. मला म्हणू दे."

मावशीचा चेहरा उतरला. ती ताट उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. वाटलं, तोडलं आपण... आईनंतर आईसारखी एवढीच होती.

ती आली तेव्हा ताटात ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी होती. चिमटीत पुरणाचा हरभऱ्याएवढा गोळा. तो माझ्या तोंडात घातला, डोळे पुसले आणि म्हणाली, "झालं तोंड गोड. ग्रेड वनला एवढंच."

मग काकांच्या ताटातली पोळी उचलली. "अन् तुमची ग्रेड टू. तुमाला तेवढंबी न्हाई."

काका अडकित्ता हातात धरून तसेच बसले. तीन महिन्यांत मी पहिल्यांदा हसले असेन.

लोक अजून विचारतात, कोणती गोळी चालू आहे. मी सांगते, कोणतीच नाही, संध्याकाळी चालते. दर रविवारी त्याच वेळी मावशीचा फोन येतो, काकांना घेऊन तीही बाहेर पडलेली असते... ती तिकडे, मी इकडे, आणि मध्ये आईच्या गोष्टी.