खुनाच्या वकिलांचे तर्पण

पितृरूपी जनार्दनास वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. आज सर्वपित्री अमावास्या. या तिथीस ज्यांच्या घरी मी वर्षानुवर्षे तर्पण सांगितले, त्या वकीलसाहेबांचे स्मरण आज अनिवार होते.

मुलुंडच्या आमच्या गल्लीत त्यांना सारे 'खुनाचे वकील' म्हणत. खून, खुनाचा प्रयत्न, जीवघेणा हल्ला, असल्याच आरोपांतल्या माणसांचे खटले ते चालवीत. मारल्या गेलेल्या माणसास न्यायालयात 'मयत' म्हणण्याचा प्रघात आहे. साहेबांनी तो शब्द कधी उच्चारला नाही. ते त्याचे पूर्ण नाव घेत आणि नावाआधी 'श्री' लावीत. एकदा न्यायाधीशांनी त्रासून विचारले की, आपण नक्की कोणाच्या बाजूने उभे आहात? साहेब शांतपणे म्हणाले, "आरोपीच्या, साहेब. म्हणून तर गेलेल्याशी नीट वागायला हवं."

तळमजल्यावरील त्यांच्या खोलीत येणाऱ्या आरोपीला त्यांचा पहिला प्रश्न असे, "जेवलास का?" "तू हे केलंस का?" असे त्यांनी कोणालाही विचारले नाही. जामिनावर सुटलेला एक तरुण आपण होऊन सांगू लागला, तेव्हा त्यांनी त्यास थांबवले. "ते देवाला सांग बाबा. मला फक्त पोलिसांनी काय लिहिलंय ते सांग." शेजारचे बँकवाले गृहस्थ जिन्यात गाठून टोमणा मारीत, "काय साहेब, आज कोणाला मोकाट सोडलंत?" साहेब म्हणत, "तुमचा नंबर यायचाय अजून, घाई करू नका." दोघेही हसत. परंतु दार लोटून आत आल्यावर साहेब बराच वेळ कोटही न काढता बसून राहत, असे त्यांच्या पत्नीने मला सांगितले होते.

सर्वपित्रीला मात्र त्यांचा चेहरा निवळलेला दिसे. वाडवडिलांचे तर्पण आटोपले, की ते दक्षिणेकडे तोंड करून तसेच बसत आणि आपल्या खटल्यांत ज्यांचे जीव गेले होते त्यांची नावे एकामागून एक मुखोद्गत सांगत. मी मंत्र म्हणे, ते तिलोदक सोडीत. असंबंधितांसही पाणी देण्यास शास्त्राची अनुज्ञा आहे, हे मीच त्यांना सांगितले होते. एकदा ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, कोर्टात मी यांच्या घरच्यांना खोटं ठरवतो. इथे चार थेंब देता येतात, म्हणून उद्या पुन्हा तो कोट अंगावर चढतो."

गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप म्हणावे, अशी रीत आहे. साहेबांना ती रुचत नसे. साक्षीत 'अंदाजे' हा शब्द न खपवून घेणारा हा माणूस. मृताची ओळख अंदाजे सांगणे त्यांना अपुरे वाटे.

त्यातूनच ते घडले. दहिसरच्या नदीकाठच्या एका चाळीत नळावर भांडण होऊन सुहास नावाचा तरुण भोसकला गेला होता. शेजारच्या मुलावर खटला झाला. साहेबांनी साक्षीदारांची उलटतपासणी अशी काही घेतली, की ओळख पटवण्याचा पुरावाच ढासळला आणि मुलगा निर्दोष सुटला. त्याने भोसकले होते की नाही, हे साहेबांना अखेरपर्यंत ठाऊक नव्हते. निकालानंतर सुहासची आई न्यायालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसून होती. साहेब तिच्याजवळ गेले, हात जोडले आणि विचारले, "आई, तुमचं गोत्र कोणतं?" कोकणातली ती माउली भांबावली. गोत्र माहीत नाही, देवक कळंबाचे, एवढे बोलली.

तो प्रश्न कशासाठी होता हे तिला घरी पोचेपर्यंत उमगले असावे. त्या वर्षीच्या सर्वपित्रीला वाडवडील झाले, नावांचा क्रम सुरू झाला, आणि साहेबांनी ओंजळीत पाणी घेऊन 'सुहास' म्हणण्यास ओठ उघडले, तोच पत्ता विचारत आलेली ती दारात उभी राहिली. नवरा मागे जिन्यापाशी थांबला होता.

"वकीलानू," ती म्हणाली, "माझ्या झिलाक तुमच्या हातचा पाणी नको."

मी उठून तिला बसावयास सांगितले. ती बसली नाही.

"तुमी तेका सोडवलात. ता तुमचा काम. तो माझ्या दारावरसून रोज जाता, मी बघतंय. पण माझ्या झिलाक पाणी देवक तेचो बापूस आसा. तुमी तेचा नाव घेव नकात."

हेतू शुद्ध आहे, संकल्प झाला आहे, असे मी काही बोलू लागलो. साहेबांनी मान हलवून मला थांबवले. ओंजळीतले पाणी त्यांनी हळूच पुन्हा पात्रात सोडले. "शास्त्रीबुवा, हरकत योग्य आहे," ते म्हणाले, आणि तिच्याकडे वळून, "नाही घेणार, आई."

ती गेली. उरलेली नावे त्यांनी त्या दिवशी घेतली नाहीत, पुढेही कधी नाहीत. सुहासच्या आईला बोलता आले, बाकीच्यांच्या आयांना कोणी विचारले होते, असे ते म्हणाले.

हे काम आता सोडाल का, असे मी काही दिवसांनी विचारले. "सोडून कसं चालेल? फाशीच्या भीतीनं उभा असलेला माणूस दारात येतोच आहे." मग थोडे थांबून, "ते पाणी मी त्यांना देत होतो असं मला वाटायचं. पीत मीच होतो, शास्त्रीबुवा."

पुढेही ते खटले लढले, काही जिंकले. जिन्यातल्या टोमण्यावर मात्र ते नुसते हात जोडून पुढे जात, आणि बँकवाल्यांनीही मग तो मारणे सोडून दिले. एका हिवाळ्यात हृदयविकाराने साहेब गेले. आता त्यांचे चिरंजीव त्यांना पाणी देतात, मी मंत्र सांगतो. साहेबांच्या नावाशी आम्ही थांबतो. त्यांच्या खटल्यांतली नावे कोणी घेत नाही.

वाचकहो, आपल्या घरातील कोणावर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची वेळ न येवो, आणि व्हरांड्यातल्या त्या बाकावर बसण्याची तर कधीच न येवो. आपले लेकरू दिवेलागणीला सुखरूप घरी येवो. आणि आपल्या गेलेल्यांना जो हात पाणी देईल, तो त्यांना आपला वाटेल असा असो. शुभं भवतु.