लाल केलेल्या सळया

कौसरला कुणी गरीब गाय समजत असेल तर त्यानं एकदा आमच्या गल्लीत यावं. मी केराबाई, तिची शेजारीण, भिंतीला भिंत. त्यांची भांडणं दखनीत होतात, पण मला सगळी कळतात की!

ही कौसर चिंचोळीच्या एमआयडीसीत, सळयांच्या रोलिंग मिलमध्ये कामाला. तयार सळयांचे भारे बांधते. लाल लोखंड रोलांतून चेपत चेपत बाहेर येतं आणि लगेच पाण्यात शिरतं, हे ती रोज बघते. वरची साल तिथंच कडक होते, सळईचा जोर त्या सालीत असतो, हे तिनं मलाही ऐकवून ऐकवून पाठ करून सोडलंय.

औंदा त्यांनी घर पाडून नवं बांधायला काढलं. सळया वाकवायला घरचाच माणूस, तिचा थोरला दीर सोहेब. त्याच्या माणसांनी खांबाच्या सळया भलत्याच ठिकाणी वाकवल्या. सरळ होईनात, म्हणून गॅसच्या जाळावर लालभडक केल्या आणि अलगद सरळ केल्या. सगळीकडं असंच करतात म्हणे. मग त्याच सळया पायाच्या खड्ड्यात उभ्या केल्या.

कौसर कामावरून आली, जळाल्याचे डाग बघितले आणि भडकलीच. म्हणाली, मिलमध्ये कमावलेला जोर तुम्ही जाळून टाकलात, या आता मऊ पडल्या, काढा आणि नव्या घाला. सोहेब हसला. भारे बांधणारीनं मला शिकवू नये, म्हणाला. तिचा नवरा, फकीर त्याचं नाव, भावापुढं तोंड उघडेना. असा राग आला मला त्याचा, काय सांगू! सासू अकबरी तर सुनेवरच घसरली, थोरल्यांना उलट बोलतेस, लाज न्हाय वाटत?

काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला. तशी कौसर ओढणी कमरेला बांधून खड्ड्यात उतरली आणि सळयांना पाठ लावून बसली.

“भाईजान, याच खांबाशी अम्मींची खाट येणार हाय,” ती म्हणाली. “ओतायचं तर माझ्यावर ओता.”

सोहेबनं लई आरडाओरडा केला, माणसं घेऊन निघून जातो म्हणाला. ती जागची हलली न्हाय. शेवटी त्यानं आईला हाक मारली, हिला तूच बाहेर काढ.

अकबरी आली. काठावर उभी राहून आधी सुनेकडं, मग सळयांवरच्या डागांकडं बघत राहिली. गुडघ्यांनी बेजार झालेली बाई ती. तरी घसरत घसरत खड्ड्यात उतरली आणि कौसरला खेटून बसली.

“ओत, सोहेब,” म्हणाली.

सोहेबनं मिक्सर बंद करायला लावला आणि त्या सळया कापायला कटर मागवला.