शेवटची पंचवीस चित्रं

एकता गजभिये विजय नगरातल्या एका लहानशा तपासणी केंद्रात सीटी स्कॅन काढायची. चित्रं इंटरनेटवरून नागपूरला डॉक्टर अपूर्व यांच्याकडे जात आणि तिथून अहवाल येई.

त्या दुपारी गोहलपुरातले वेल्डर अंबादास शिडीवरून पडून आले. चालत-बोलत होते, नुसतं डोकं दुखत होतं. चित्रं पाठवताना लाइन दोनदा तुटली, पण शेवटी पडद्यावर ‘पाठवले’ अशी हिरवी खूण उमटली. थोड्याच वेळात निरोप आला, काही दोष नाही. अंबादासांची बायको कलावती हात जोडून त्यांना घेऊन निघाली.

एकताला मात्र दोनदा तुटलेली लाइन आठवत राहिली. उगाच शंका काढली म्हणून डॉक्टर रागावतील, ही भीती होतीच. तरी तिनं फोन लावला.

“सर, तुमच्याकडं किती चित्रं आली?”

“सव्वाशे.”

“मी दीडशे पाठवली.”

तिनं धावत जाऊन दोघांना दारातून परत आणलं.

“काहून थांबवलं, दीदी? काही निघालं का?” कलावतीनं विचारलं.

“काही चित्रं जायची राहिली, काकू. बसा जरा.”

उरलेली तिनं पाच-पाच करून पाठवली. प्रत्येक खेपेला डॉक्टर फोनवर आकडा सांगत, मगच ती पुढची सोडी. एकशे बेचाळिसाव्या चित्रावर डॉक्टर थांबले. कवटीखाली, अगदी वरच्या बाजूला रक्त साचलं होतं.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. अंबादास वाचले.

केंद्राचं संगणकाचं काम बघणाऱ्या आलोकनं पाठवण्याची पद्धतच बदलली. आता पलीकडच्या संगणकानं तुकडा न् तुकडा ताडून पोच दिल्याशिवाय हिरवी खूण येत नाही. लाइन तुटली तर जिथं तुटली तिथूनच पुढं सुरू होतं.

पण एकताची झोप उडाली होती. आधीही असे अर्धवट स्कॅन किती गेले असतील? तिनं दोन वर्षांच्या नोंदी नागपूरच्या आकड्यांशी ताडल्या. तीन स्कॅन अपुरे निघाले. दोघं फोनवर भेटले, ठणठणीत होते. तिसऱ्याचा, तिलवाऱ्याच्या दयारामांचा, फोन बंद लागत राहिला.

रविवारी ती पत्ता शोधत गेली. गल्लीच्या तोंडाशी तिनं घर विचारून घेतलं. दयाराम अंगणात वाटाणे सोलत बसले होते. ती तिथंच पायरीवर बसली आणि पाणी मागितलं. मग सगळं खरं सांगून त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणीला बोलावलं.